चिंचोके, सराटे आणि नाण्यांचा खुळखुळाट

चौथ्या बाकावरच्या जोडीचं तिसरं ‘मूल’ही सिकलसेलचं निघालं, तेव्हा दोघांनी पिशव्याच उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. “मॅडम, पिशवीत गडबड आहे. चारात एकच यायला पाहिजे ना?”

पिशवीत काही गडबड नव्हती. दोन कापडी पिशव्या, एक आईची आणि एक बाबांची. प्रत्येकीत दोन चिंचोके, एक तपकिरी आणि एक फरशीवर घासून पांढरा केलेला. तपकिरी म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनचं जनुक, पांढरा म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. आई-बाबा दोघंही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नाहीत, पण आजाराचं एक जनुक बाळगून असलेले. न बघता दोन्ही पिशव्यांतून एकेक चिंचोका काढायचा, जोडी वहीत लिहायची, चिंचोके ज्याच्या त्याच्या पिशवीत परत टाकायचे, पिशवी हलवायची आणि पुढचं मूल. प्रत्येक जोडीचं चार मुलांचं घर. दोन्ही पांढरे आले तर मूल आजारी.

नववीच्या ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ या धड्यात सिकलसेल आहे. आई-वडील दोघं वाहक असतील तर काय होईल, हे मुलांना पाठ असतं. चार घरांची चौकट काढायची, एक घर निरोगी, दोन वाहक, एक आजारी, झाले गुण. त्या चौकटीतून मूल नकळत एक चुकीची गोष्टही शिकतं, की चार मुलं झाली तर त्यातलं एक आजारी आणि तीन ठीक. पिशवीवर संशय घेणाऱ्या पोरांनी धडा वाचला नव्हता असं नाही. त्यांनी तो फारच नीट वाचला होता.

मग फळ्यावर वर्गातली सगळी घरं मांडली. काही घरांत एकही आजारी मूल नाही, काहींत एक, काहींत दोन, आणि या एका घरात तीन. सगळ्यांची बेरीज केली तेव्हा कुठे आकडा पाव हिश्श्याच्या आसपास यायला लागला. हिशेब कागदावरही करता येतो. चार मुलांच्या अशा शंभर घरांपैकी साधारण ३२ घरांत एकही मूल आजारी नसतं, आणि ‘चारात बरोब्बर एक’ हे चित्र साधारण ४२ घरांतच दिसतं. म्हणजे पुस्तकातली चौकट जशीच्या तशी निम्म्या घरांतही उतरत नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या खुद्द मेंडेलला तरी ३:१ हे प्रमाण चार दाण्यांत कुठे दिसलं होतं? १८६६ साली छापलेल्या त्याच्या निबंधात वाटाण्याच्या ७३२४ बिया मोजलेल्या आहेत. त्यातल्या ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या. एवढं मोजल्यावर प्रमाण आलं २.९६ला एक.

आमच्याकडे पूर्व विदर्भात हा नुसता गुणांचा प्रश्न नाही. घरात एक मूल सिकलसेलचं निघालं की “आता पुढची सुटली” असं म्हणणारी चांगली शिकली-सवरलेली माणसं मला भेटली आहेत. त्यांनीही कधीतरी शाळेत ती चौकट काढलेली असणार. पिशवीला आठवण नसते, प्रत्येक मुलाच्या वेळी ती नव्याने हलवली जाते, हे त्यांना कुणी हातात पिशवी देऊन दाखवलंच नाही. १ जुलै २०२३ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, २०४७ हे लक्ष्य ठेवलं, कोट्यवधी लोकांच्या तपासण्या ठरवल्या. तपासणीनंतर हातात पडणाऱ्या कागदाचा अर्थ लावायचा तर तो शेवटी नववीतल्या जीवशास्त्रावरच लावावा लागणार आहे.

एवढं सगळं सांगितलं ते एका वादात उतरण्यासाठी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘खेळाधारित शिक्षण’ हा शब्द परिपत्रकांतून, प्रशिक्षणांतून आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून इतका फिरतोय, की त्याचा अर्थ विचारणं उद्धटपणाचं वाटावं. मी खेळाच्या बाजूची आहे. म्हणूनच त्याच्या नावाखाली जे खपवलं जातंय त्यातल्या बहुतेकांच्या मी विरोधात आहे.

मागच्या वर्षी एका कंपनीची माणसं आमच्या शाळेत ‘खेळातून जीवशास्त्र’ दाखवायला आली होती. पडद्यावर मोटारींची शर्यत. रस्त्यात प्रश्न येतो, ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र कोणते?’ चार पर्याय. ‘तंतुकणिका’ दाबलं की नाणी खुळखुळतात आणि मोटार पुढे पळते. पोरं अर्थातच खूश. पहिला आला तो वर्षभर पुस्तकाला हात न लावणारा एक गडी. मला मनापासून आनंद झाला. संध्याकाळी व्हरांड्यात गाठून विचारलं, “तंतुकणिका म्हणजे काय रे?” तो हसला. “ते माहीत नाही मॅडम. ‘ऊर्जा’ दिसलं की ते दाबायचं.”

त्याचं काहीच चुकलं नाही. खेळाने जे मागितलं ते त्याने दिलं. खेळाने मागितलं होतं वेगाने शब्द ओळखणं. पेशीला ऊर्जा का लागते, स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका ढिगाने का असतात, पक्व तांबड्या रक्तपेशीत एकही का नसते, यातलं काही त्या मोटारीला ठाऊक नव्हतं. ही आपली जुनीच घोकंपट्टी. तिला फक्त चाकं लावलेली.

खेळ जोखायची माझी एक कसोटी आहे. धडा काढून घ्या आणि त्या जागी दुसरा धडा घाला. खेळ तसाच चालू राहिला, तर तो तुमचा धडा शिकवत नव्हता. त्या शर्यतीत तंतुकणिकेच्या जागी पानिपतची सनावळी घाला, मोटार तेवढ्याच जोरात पळेल. आपल्याकडे याचं थोर उदाहरण आहे. परंपरा ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते त्या मोक्षपटावर टीका करायची माझी छाती नाही, पण त्याचं पुढे काय झालं ते बघा. पटाच्या घराघरांत सद्गुण-दुर्गुणांची नावं होती, शिड्या पुण्याच्या आणि साप पापाचे. पुढे पट विलायतेला गेला, नावं गळाली, आणि उरलेली सापशिडी आपण सगळे मोक्षाचा विचार मनात न आणता खेळलो. नियमाला घरातल्या नावाशी देणंघेणंच नव्हतं.

चिंचोक्यांच्या पिशवीत मात्र असं करता येत नाही. आई-बाबांकडून एकेक जनुक, तेही कोणतं ते योगायोगाने, हा नियम काढला तर हातात चार चिंचोके उरतात, खेळ उरत नाही.

हा संगणक विरुद्ध चिंचोका असा वादही नाही. ‘फोल्डइट’ हा संगणकावरचा खेळ २००८मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून आला. प्रथिनाची साखळी वळवून, दुमडून तिची कमीत कमी ऊर्जेची घडी शोधायची, जितकी घडी चांगली तितके गुण जास्त. गुण आणि रसायनशास्त्र इथे एकच आहे. माकडांमधल्या एका रेट्रोव्हायरसच्या विकराची (एन्झाइमची) रचना संशोधकांना दहा-बारा वर्षं उलगडत नव्हती. या खेळाडूंनी तीन आठवड्यांच्या आत तिचं कामाला येईल असं प्रारूप उभं केलं, आणि २०११मध्ये ते प्रसिद्ध झालं. खेळणाऱ्यांतल्या बहुतेकांचा जैवरसायनशास्त्राशी काही संबंध नव्हता. ज्या प्रयोगशाळेतून हा खेळ निघाला तिचे डेव्हिड बेकर यांना २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते प्रथिनांच्या संगणकीय रचनेसाठी. असला खेळ कुणी आमच्या शाळेत आणला तर मी स्वतः पडदा लावायला उभी राहीन.

चिंचोक्यांचा खेळही पहिल्या फटक्यात जमला नव्हता. सुरुवातीला मी पटावर टाकतात तसे फोडलेले चिंचोके वापरले होते, एक बाजू काळी, एक पांढरी. गावातल्या प्रत्येक पोराने ते कधी ना कधी टाकलेले, घासून तापलेला चिंचोका शेजारच्याच्या दंडाला टेकवून चटका दिलेला. पिशव्या शिवायची कटकट नाही, म्हणून मी खूश होते. पण प्रमाण काही केल्या जुळेना. शेवटी एका मुलीने एकच फाक घेऊन शंभरदा टाकली. पन्नास-पन्नासच्या जवळपासही नाही. फाकेची एक बाजू सपाट, एक फुगीर, ती कशी सारखी पडेल? तो तास ‘वाया’ गेला, पण मेंडेलच्या प्रमाणामागे दोन्ही जनुकांना सारखीच संधी असते हे गृहीतक दडलंय, हे मी कधीच इतक्या सोप्या रीतीने शिकवू शकले नव्हते.

दहावीत उत्क्रांती येते. आपल्या राज्याच्या पुस्तकात तो पहिलाच धडा आहे, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. २०२३मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग वगळला तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी सह्या करून निषेध केला. माझीही बाजू तीच. पण धडा ठेवला म्हणजे तो पोचला असं होत नाही, आणि उत्क्रांतीच्या बाबतीत खेळ उलटा नुकसान करू शकतो. मोबाइलवरच्या कितीतरी खेळांत प्राणी ‘इव्हॉल्व्ह’ होतो. गुण साठले की एका क्षणात तोच प्राणी मोठा, पंखवाला, आग ओकणारा होतो. सुरवंटाचं फुलपाखरू होतं त्याला फार तर हे जवळचं आहे. उत्क्रांतीत एकटा प्राणी बदलत नाही, पिढ्यांमधलं प्रमाण बदलतं. आणि खेळात खेळाडू असतो, त्याला जिंकायचं असतं. उत्क्रांतीत जिंकायची इच्छा असलेलं कुणीच नाही.

हा घोळ मी स्वतः घालून बसले होते. चोचींचा खेळ जगभर खेळला जातो. कुणाला चमचा, कुणाला स्वयंपाकघरातला चिमटा, कुणाला कपड्यांचा चिमटा, कुणाला नुसती दातकोरणी. ही आपली चोच. सतरंजीवर दाणे पसरायचे, ठरलेल्या वेळात कमी वेचणारे मरतात, जास्त वेचणाऱ्यांना त्यांच्याच चोचीची पिल्लं होतात. मी पहिल्या फेरीला मूग आणि शेंगदाणे पसरले, दुसऱ्या फेरीला दुष्काळ म्हणून नुसते सराटे. हो, सायकल पंक्चर करणारे, मैदानावरूनच गोळा केलेले. चमचावाला पोरगा दोन क्षण चडफडला आणि सरळ शेजारच्याचा चिमटा उचलून कामाला लागला. मी ओरडले. तो म्हणाला, “मॅडम, पक्षीपण शिकेल की! त्याला गरज पडली ना!”

गरज पडली म्हणून अवयव बदलला. डार्विनच्याही आधीच्या लामार्कचं, पुढे चुकीचं ठरलेलं म्हणणं जवळजवळ जसंच्या तसं, सराटे हातात धरून. खेळ तिथेच थांबवला आणि उरलेला सगळा तास त्या एका वाक्यावर घालवला. चिमटेवाला फेरीगणिक सराईत होत गेला, मग त्याच्या पिल्लालाही ती सफाई मिळेल का? वर्गाचे दोन तट पडले.

सराटे मी उगाच निवडले नव्हते. गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी वर्षानुवर्षं फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ साली तिथे पाऊस पडला नाही. मऊ, बारीक बिया संपल्या आणि उरली ती कठीण काटेरी फळं, आपल्या सराट्याच्याच वंशातली. बहुतेक पक्षी मेले. जगले त्यांत जाड चोचीचे जास्त होते, आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीने जाड निघाली. एकाही पक्ष्याने स्वतःची चोच जाड केली नाही. दहावीच्या मुलाला हे वाक्य ऐकून पटत नाही. तळहातात सराटा रुतलेला असताना पटतं.

रोगप्रसाराच्या खेळाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो कुठल्याही शाळेला उद्या जमेल. प्रत्येकाला ग्लासात पाणी, एकाच्या ग्लासात गुपचूप धुण्याचा सोडा. तीनदा जोडीदार बदलून पाण्याची देवघेव करायची, शेवटी हळदीचा कागद बुडवायचा. कागद लाल झाला तो बाधित. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठपर्यंत जाऊ शकतात. मग पहिला कोण ते शोधायला लावायचं. पोरं माग काढत पहिल्या फेरीतल्या दोघांपर्यंत येतात आणि अडतात, कारण त्या दोघांत कोण आधी हे कागद सांगूच शकत नाही.

आता माझ्या हातून झालेली एक चूक. सिकलसेलच्या खेळाची पुढची पायरी म्हणून मी पिढ्या चालवायला घेतल्या होत्या. हिवतापाची साथ आली की दोन्ही तपकिरी असलेल्यांतले काही जातात, वाहकांना बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. म्हणूनच हे जनुक हिवतापाच्या प्रदेशांत टिकून राहिलं. गडचिरोलीच्या शेजारी राहणाऱ्या पोरांना हिवताप समजावून सांगावा लागत नाही. आणि नियम असा केला होता, की दोन्ही पांढरे आले तर ती जोडी टेबलावरच्या डब्यात टाकायची. मेली. एक मुलगी डब्यापाशी आली आणि मूठ उघडेना. मला आधी कळलंच नाही. मग हळूच म्हणाली, “माझा भाऊ आहे ना मॅडम. सातवीत.”

मूलद्रव्यांच्या वर्गात हे होत नाही, सोडियमचा कुणी भाऊ नसतो. जीवशास्त्राचा खेळ कुणाच्या तरी घरात शिरतोच. म्हणून तो बाहेरून तयार होऊन आलेला चालत नाही. समोर कोण बसलंय हे ठाऊक असलेल्या शिक्षकानेच त्याचे नियम ठरवायला हवेत. मी नियम बदलला. आता पांढऱ्या जोडीला डबा नाही, औषधाचं कार्ड आहे. हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी, लागलं तर रक्त, वेळेवर दवाखाना. कार्ड असेल तर जोडी पुढच्या पिढीत खेळते. शास्त्राच्या दृष्टीनेही हा नियम जास्त खरा आहे. उपचार मिळाले की निवडीचा दाबच, म्हणजे कोण जगणार हे ठरवणारी परिस्थितीच बदलते.

सगळंच जीवशास्त्र खेळात कोंबा असं माझं म्हणणं नाही. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसतो तेव्हा मूल आपोआप गप्प होतं, तिथे खेळ आणू नये. जास्वंद उभी चिरून अंडाशय दाखवायला ब्लेड पुरतं. पाचकग्रंथींची नावं पाठच करावी लागतात, त्यासाठी मोटारींची शर्यत लावली तरी माझी हरकत नाही, फक्त तिला पाठांतर म्हणा. खेळ लागतो तो डोळ्यांना दिसत नाही अशा ठिकाणी, जिथे योगायोग आहे, पिढ्या आहेत, शेकडो जीवांचं मिळून एक चित्र आहे.

आक्षेप मला पाठ आहेत, शिक्षकखोलीत रोज ऐकते. पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात साठ मुलं, पोर्शन संपत नाही, आणि बोर्डाला हे विचारत नाहीत. पहिले तीन खरे आहेत. साठ मुलांत चिंचोके घेऊन बसलं तर पंधरा मिनिटं नुसती पांगापांग निस्तरण्यात जातात, आणि खरं शिकणं जिथे होतं ती खेळानंतरची चर्चा सुरू व्हायच्या आत घंटा होते. चर्चा नसलेला खेळ हा नुसता ऑफ तास, हेही मी कबूल करते. पण यावर शाळा काय मागतात? टॅबलेट. मी गेली तीन वर्षं आठवड्यातून एकदा दोन सलग तास मागतेय. त्याला एक रुपया लागत नाही, वेळापत्रक नव्याने मांडावं लागतं, आणि तेच जड जातं.

चौथ्या आक्षेपाचं उत्तर बोर्डाने द्यायचं आहे. दहावीला विज्ञान भाग दोनचे चाळीस गुण लेखी, शिवाय दोन्ही भागांचे मिळून प्रात्यक्षिकाचे वीस. या विसांचं काय होतं ते राज्यातल्या प्रत्येक विज्ञानशिक्षकाला माहीत आहे, मागच्या वर्षीचं जर्नल पुढच्या वर्षी उतरवून निघतं. त्या प्रात्यक्षिकात मुलासमोर दोन पिशव्या ठेवा. वीस मुलं काढ, नोंद कर, तुझा आकडा पाव हिश्श्यापेक्षा वेगळा का आला ते चार ओळींत लिही. उतरवून काढता येणार नाही, कारण शेजारच्याचे आकडे वेगळे असतील. लेखी परीक्षेत चौकट काढायला लावण्याऐवजी एवढंच विचारा, ‘पहिली दोन मुले सिकलसेलग्रस्त आहेत, तिसऱ्याबाबत काय सांगाल?’ असा एक प्रश्न एका मार्चमध्ये आला, तर जूनपासून गावोगावच्या शाळांत चिंचोके घासायला सुरुवात होईल, परिपत्रक न काढता.

त्या मुलीचा भाऊ यंदा नववीत आलाय. बहिणीने त्याला खेळ आधीच सांगून ठेवलेला दिसतो. शाळा उघडली त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत विचारून गेला, “मॅडम, चिंचोके कधी घासायचे? औषधाची कार्डं मी बनवून आणतो, ताईच्या वेळची फाटली म्हणे.”